तिसरी खेप

मी उदगीरचा एक जुना टेम्पो बोलतोय. जरा जवळ येऊन ऐका. माझा हॉर्न काढून नेल्याला बरीच वर्षं झालीत.

दोन मालक करून मी पंचाक्षरी आप्पांकडे आलो. आप्पांचं डाळीचं दुकान. त्यांनी माझ्या काचेवर विभूतीचे तीन पट्टे ओढले, टपावर लोखंडी कॅरियर चढवलं आणि पुढं जाडजूड गार्ड ठोकला. "गाडी कशी पैलवानावानी दिसाय पायजे," म्हणायचे. ते लोखंड मी रिकामा असतानाही वाहायचो. डिझेल फार पितो म्हणून माझी बदनामी होती. वय झालं, असं म्हणून आप्पा विषय सोडून द्यायचे.

लातूर जिल्हा होऊन चौथा उन्हाळा लागला, आणि दुष्काळ पडला. देवणीच्या वाटेवरच्या आप्पांच्या गावात एकाही विहिरीला पाणी उरलं नाही. पाणी होतं ते अठरा किलोमीटरवरच्या एका मळ्यात. पाच ड्रम भरून मी ते आणू लागलो. पंपावर डिझेलचीही टंचाई. गाडीला दिवसाला दहा लिटरच्या वर मिळत नव्हतं. तेवढ्यात माझ्या दोन खेपा व्हायच्या. पाणी खालच्या आळीतच संपायचं, वरच्या वस्तीला थेंब जायचा नाही.

वस्तीवर चतुराबाई एकटीच राहायची. तिच्या दावणीला एक काळी-पांढरी देवणी गाय होती, दिवस भरत आलेली. एके दिवशी ती घागर घेऊन उतरली आणि रिकामे ड्रम बघून म्हणाली, "आप्पा, माणूस कुठंबी मागून पितंय. गायीनं कुणाला मागावं? येत्या गुरुवारी बाजारला नेते."

 आप्पांनी मला थेट केरबा मिस्त्रीच्या अंगणात नेऊन उभं केलं.

"केरबा, नवं इंजिन टाकलं तर तिसरी खेप हुईल का?"

"आधी हाय ते बघू द्या की, आप्पा."

केरबानं माझी टाकी बाजूला केली, एका बाटलीत मोजून लिटरभर डिझेल भरलं, नळी जोडली आणि मला देवणीच्या रस्त्याला काढलं. किलोमीटरच्या आठव्या दगडाशी मी बंद पडलो. "तिसरी खेप व्हायची तर लिटरमागं अकरावा दगड गाठाय पायजे," तो म्हणाला.

त्यानं माझ्या चाकांत हवा भरली. ती केव्हाची अर्धी झाली होती. इंजिनाची हवेची जाळी झटकली तर डाळीचा भुसा पडला. मागचा एक ब्रेक कायम घासत होता, तो मोकळा केला. डिझेलची नळी पाझरत होती, ती बदलली. मग कॅरियरला पाना लावला.

"ते राहू दे," आप्पा म्हणाले.

"मग पाणी राहू द्या."

आप्पांनी मान फिरवली. कॅरियर उतरलं, गार्डही उतरला. मला लाज वाटली, आणि अंग हलकंही झालं.

तरी दगड नववाच आला. दुसऱ्या दिवशी आप्पांनी डिझेल वाचवायच्या हट्टानं भरल्या ड्रमांसकट उतारावर माझं इंजिनच बंद केलं. वळणावर बैलगाडी आडवी! इंजिन बंद, म्हणून ब्रेक जड झाला; आप्पा त्यावर अक्षरशः उभे राहिले. बैलाच्या शिंगापासून वीतभर अंतरावर मी थांबलो. शेजारी बसलेला केरबा आप्पांवर ओरडला.

"डिझेल वाचवायला लागले का जीव घालवायला? दोष गाडीत न्हाई आता, तुमच्या पायात हाय. सारखी रेस दाबायची अन् सारखा ब्रेक." त्यानं खाली उतरून ड्रमांची झाकणं काढली. "आता असंच गावाला न्या. पाणी सांडलं न्हाई, तर डिझेलबी सांडलं न्हाई समजा."

त्या दिवशी पाणी रस्ताभर सांडलं. दुसऱ्या दिवशी कमी. मग आप्पांचा पाय मवाळ झाला. खड्डा लांबून दिसला की ते आधीच वेग उतरवायचे. बुधवारी बाटली लावली, तर अकरावा दगड मागं पडला.

गुरुवारी दोन खेपा करून आम्ही तिसरीला निघालो. वस्ती चढलो तेव्हा ऊन कलत होतं. चतुराबाईनं सकाळपासून गायीला दावं लावून ठेवलं होतं. जावं की थांबावं, तिचं ठरेना. आप्पांनी स्वतः बादली नेऊन ठेवली. गायीनं तीन बादल्या पाणी एका दमात ओढलं. चतुराबाई तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. "लई दमला असंल तुमचा टेम्पो," म्हणाली, आणि ओल्या हातानं माझं बॉनेट पुसलं. इतक्या वर्षांत मला कुणी असं पुसलं नव्हतं.

पाऊस पडेपर्यंत एकही तिसरी खेप चुकली नाही.

आता आप्पा नाहीत. मी केरबाच्या वाड्यामागं विटांवर उभा आहे. उद्या भंगारवाला येणार, असं ऐकतो. त्याची तक्रार नाही. माझं इंजिन मात्र नायगावच्या एका शेतकऱ्यानं नेलंय, तिथं ते पिठाची गिरणी ओढतं. तुमचं कधी तिकडं जाणं झालं, तर त्या शेतकऱ्याला एवढंच सांगा: पिठाची धूळ फार बसते, हवेची जाळी दर आठवड्याला झटकत जा. ते अजून पुष्कळ चालेल.