दगडफूल, जसंच्या तसं

नीलिमाच्या पदरात पडण्यासारखं होतं ते एवढंच: दिल्लीच्या परिसंवादात बोलायला पंधरा मिनिटं. जमलंच तर वर, "बाई, तुमची बर्फातली बाग काय म्हणते?" असं रोज विचारणाऱ्या प्राचार्यांचं तोंड बंद. १९८१ सालच्या एप्रिलात निगडी प्राधिकरणातल्या आमच्या इमारतीत एवढ्याशा लाभापायी झोप उडालेली ती एकटीच.

ती पिंपरीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. अंटार्क्टिकात काही दऱ्या अशा आहेत की तिथे बर्फही टिकत नाही. नुसतं खडकाळ वाळवंट. त्या दऱ्यांचे उपग्रहानं काढलेले दोन फोटो तिनं खटपट करून मिळवले होते. तळमजल्यावरच्या वासंतीकाकूंनी ते चष्मा लावून पाहिले.

"हे लाल काय गं? कुंकू सांडलंय?"

"काकू, या फोटोत हिरवं असतं ते लाल दिसतं."

"उलटाच कारभार."

लाल ठिपका फक्त जानेवारीच्या फोटोत होता. नोव्हेंबरच्या फोटोत त्याच जागी काही नाही. हा ठिपका म्हणजे उन्हाळ्यात हिरवा होणारा जीव, असं तिनं परिसंवादवाल्यांना कळवलं. दिल्लीहून पत्र आलं: हा जीव कशावरून? फोटोवरचा डाग कशावरून नाही? मोजून दाखवा, मग बोला.

तिथल्या खडकांवर जे जगतं ते आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचं भाऊबंद. म्हणजे मोजून दाखवायला परातभर दगडफूल हवं. उजेड मोजायचं यंत्र उसनं आणलेलं, सोमवारी परत करायचं. आणि दिवस मसाल्याचे. वाण्याकडे चिमूटभर उरलं नव्हतं. होतं ते वासंतीकाकूंकडे. इमारतीतल्या अकरा घरांचा मसाला त्या एकत्र करत.

"रविवारपुरतं देते. पण परत कसं मिळेल?"

"जसंच्या तसं."

"बघ हं. शब्द दिलायस."

रविवारी सकाळी दिघीच्या टेकडीवरून आणलेले काळे दगड गच्चीत मांडून नीलिमानं वर दगडफूल पसरलं. तांबडा उजेड किती परततो आणि तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा, किती, हे मोजलं. दोन्हींतला फरक जिवंत हिरव्यावर मोठा निघतो. इथे तो उघड्या दगडावर होता तेवढाच. म्हणजे दिल्लीकर खरे.

भिजवून पाहावं, हे तिला सुचलं नाही असं नाही. भरलेली कळशी शेजारीच होती. पण भिजलेल्या दगडफुलानं वर्षाचा मसाला बुरसतो, आणि शब्द दिलेला. ती तशीच जेवायला खाली उतरली.

तेवढ्यात काकू आपलं दगडफूल बघायला वर गेल्या. बरोबर कुशाबाई, दरवर्षी मसाला निवडायला रहाटणीहून येणारी.

"अगं बाई, दगडांवर टाकलंय हिनं!"

"दगडावरचंच हाय न्हवं त्ये?" कुशाबाई म्हणाली.

"ते दगड वेगळे. हे कुठले, कोणाच्या पायाखालचे, काय ठाऊक!" काकूंनी कळशी उचलली आणि ओतली.

नीलिमा वर आली ती किंचाळलीच. "काकू!"

"ओरडतेस काय? स्वच्छ केलं. तासाभरात वाळेल."

कुशाबाई वाकून बघत होती. "आवं वैनी, ह्ये तर हिरवं झालं की! जित्तं हाय ह्ये!"

नीलिमानं यंत्र लावलं. फरक दुपटीहून जास्त. पुन्हा लावलं, तेवढाच. नोव्हेंबरात त्या दऱ्या सुक्या. जानेवारीत वरचं बर्फ वितळून पाणी खडकांपर्यंत पोचतं, आणि मेल्यासारखं पडलेलं उठून बसतं. ती ओल्या गच्चीतच फतकल मारून हसायला लागली.

"हसतेस काय? माझं दगडफूल?"

"ते आता घालू नका, काकू. बुरशी धरेल."

"जसंच्या तसं म्हणाली होतीस."

"पाणी कोणी ओतलं?"

काकूंनी कळशीकडे पाहिलं, मग कुशाबाईकडे. कुशाबाई आभाळाकडे बघत होती.

"मी ओतलं म्हणून कळलं ना तुला?" काकू म्हणाल्या. "मग दिल्लीत माझं नाव सांग."

नीलिमानं सांगितलं. तिची पंधरा मिनिटं प्रश्नांमुळे पंचवीस झाली आणि आभाराच्या यादीत श्रीमती वासंती पहिल्या आल्या. म्हणजे एकीला दिल्ली मिळाली, दुसरीला नाव. कुशाबाईचं निवडायचं काम वाचलं. वर्षभर बिनवासाची आमटी खाल्ली ती अकरा घरांनी. बारावं घर नीलिमाचं. तिचा मसाला दरवर्षी सासरहून, सोलापूरहून, डबा भरून येतो.