लाल दिवा आणि त्रिशलाआक्का

मी एक जुना लाल दिवा आहे, मित्रांनो. बेळगावातल्या त्वचेच्या दवाखान्यात राहतो. बारीक बल्बांनी भरलेली फळी आणि हवी तशी वाकणारी मान, एवढाच माझा देह. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सौम्य करणे हे माझे काम. मी भाजत नाही, टोचत नाही. वीस मिनिटे नुसता उजेड देतो. डॉक्टर भैरवीबाई मला रोज स्वतः पुसत असत.

पुढे शेजारच्या खोलीत नवे, मोठे यंत्र आले आणि माझ्यावर चादर पडली.

त्याच सुमारास निपाणीकडच्या त्रिशलाआक्का आल्या. तंबाखूच्या शेतात तीस वर्षे ऊन सोसलेला त्यांचा चेहरा. गावच्या महिला संघाने त्यांना अध्यक्ष निवडले होते. पण फलकावर आपल्या सुरकुतलेल्या चेहऱ्याचा फोटो लागणार, म्हणून त्या पदच नाकारायला निघाल्या होत्या. नव्या यंत्राला त्या बिचकल्या. माझी चादर उचलून म्हणाल्या, "ह्यो बरा हाय. गरीब दिसतोय."

आठवड्यातून दोनदा त्या बसने येत, डोळ्यांवर काळा चष्मा लावून माझ्यापुढे बसत. पाच आठवडे झाले.

"डॉक्टरबाई, काय बी फरक न्हाय."

"धीर धरा, आक्का. उन्हात जाताना मलम लावताय ना?"

"व्हय. पदर बी घेतोय."

आणि नेमक्या माझ्याच बल्बांच्या दोन ओळी विझल्या! मला भंगारात काढायची भाषा सुरू झाली. पण भैरवीबाईंनी कंग्राळीच्या भरमा मिस्त्रीला बोलावले. त्याने मला उघडले, साचलेली धूळ काढली, एक तार जोडली. "लई दमाचा हाय," तो म्हणाला. मी पुन्हा पूर्ण उजळलो.

बाराव्या आठवड्यात आक्कांनी आरसा घेतला. डोळ्यांजवळच्या रेषा मऊ झाल्या होत्या. कपाळावरच्या खोल रेषा होत्या तिथेच होत्या. आक्का बराच वेळ बघत राहिल्या आणि खुदकन हसल्या. त्यांचे यजमान आण्णाप्पा यांनी लगेच फोटो काढला.

"थांब गं, राहिलेल्या सुरकुत्या मोबाइलात पुसतो."

"हात लावू नगा! त्या माझ्या हायत. आन् अध्यक्ष बी मीच हाय!"

सगळ्या दवाखान्याने टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी माझ्याएवढा श्रीमंत दिवा बेळगावात दुसरा नसेल.

मित्रांनो, एखादी ओळ विझली म्हणून कुणाला टाकू नका. आधी उघडून बघा. आणि घरातले कुणी उन्हात राबत असेल, तर त्याच्या डोक्यावर आजच काहीतरी घाला. माझा उजेड फार उशिरा येतो. सावली आधी हवी.