नावाने हाक

माझी नात गार्गी मालाडहून आली होती, तेव्हा एक जाडजूड कादंबरी माझ्या मांडीवर टाकून गेली. जादू, आरसे आणि एकाच गावाची कितीतरी समांतर जगं. मी नाक मुरडलं. टेलिफोन खात्यात जन्मभर लोकांच्या तक्रारी ऐकलेल्या बाईला जादूचं काय कौतुक?

"आजी, तुला नको तर नको. आजोबांना वाचून दाखव ना यार, झकास आहे."

ह्यांची आठवण गेली दोन वर्षं विरत चाललीय. आधी मुलुंडचे रस्ते गेले, मग शेजारी, मग आमचा मुलगा मिहिर. दिवाळीनंतर मीही गेले. "अहो, चहा घेताय ना?" म्हटलं, तर मान वळत नाही. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं आणि मग मी भांडी आपटते. मला फार काही नको होतं. एकदा माझ्या हाकेला त्यांनी "काय गं" म्हणावं, बस्स.

म्हणून दुपारी जेवणं झाली की खिडकीशी बसून वाचू लागले. ते ऐकत का, देव जाणे, पण गप्प बसत. अडकले मीच. त्या कादंबरीपायी दोनदा वरण करपवलं. त्यात एका बाईचा नवरा आरशातून पलीकडच्या जगात जातो आणि परत येत नाही. ती त्याच्यामागे जगामागून जगं पालथी घालते. एका जगात तो नावाडी, एकात राजा, एकात जन्मालाच आलेला नाही. मला तर इतकी गोडी लागली की भाजी निवडतानाही मी तिच्याबरोबर हिंडत असे. आमचंही एखादं मुलुंड असेल, जिथे हे पिशवी घेऊन बाजारातून येतायत आणि मी कोथिंबीर विसरल्याबद्दल त्यांना बोलतेय. ते वाटलं आणि रडूच आलं.

परवा तो प्रसंग आला. बाईला नवरा सापडतो, पण तो तिला ओळखत नाही. म्हातारी जादूगारीण तिला सांगते, त्याला नावाने हाक मार, दुसरं काही तिकडे पोचत नाही.

मी पुस्तक मिटलं. ह्यांचं नाव बाळ. शाळेच्या दाखल्यावरही बाळच. लग्नात उखाण्यात घेतलं, पुढे हळदीकुंकवाला बायकांनी अडवलं की घेतलं. तोंडावर कधी नाही. आमच्या सूनबाई मिहिरला खुशाल "अरे मिहिर" करतात, माझी जीभ रेटत नाही. पण वाटलं, गेली ती लाज खड्ड्यात. मी इतकी वर्षं चुकीच्याच नावाने हाक मारत असेन तर?

"बाळ," मी म्हटलं. आवाज फुटला नाही. पुन्हा म्हटलं, "बाळ."

त्यांनी मान वळवली. सरळ माझ्याकडे पाहिलं. किती महिन्यांनी चेहरा उजळला होता.

"काय गं आई?"

खरंच, त्यांना "बाळ" म्हणणारं एकच माणूस होतं. ऑफिसात ते टिपणीस, मुलांचे बाबा, माझे अहो. मी हाक मारली आणि ती सासूबाईंच्या दारी पोचली. राग आला, त्या गेलेल्या बाईचा हेवासुद्धा वाटला. पण ते उत्तराची वाट बघत होते.

"काही नाही रे," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांना 'रे'.

ते माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "आई, ती बाई येते ना वाचायला, तिला जा म्हणू नकोस हं. छान वाचते."

"नाही म्हणणार. आवडते तुला?"

ते लाजले. त्यांनी मान हलवली.

"तिचं नाव काय रे?"

बराच वेळ ते आठवत राहिले. कपाळावर आठ्या पडल्या, ओठ हलले.

"मी विचारलंच नाही," ते म्हणाले. "तू विचारून ठेव ना."

"विचारते," मी म्हटलं.