बावन्न किलोंची पिशवी

घड्याळजींनी वाळूची पिशवी छातीशी घट्ट धरली, सोफ्यावरून उचलली आणि समोरच्या खुर्चीत ठेवली. टाकली नाही, ठेवली.

“आता कसं!” ट्रेनर म्हणाली. “कंबरेवर जोर आला नाही. परत एकदा, काका.”

दारात त्यांची मुलगी उभी होती. हातात शुश्रूषा केंद्राचा फॉर्म.

“बाबा, सत्तराव्या वर्षी बॉडी कमावताय? हिच्या फीमध्ये सकाळच्या बाईला दिवसभर ठेवता आलं असतं.”

“बाई उचलते तेव्हा तुझी आई डोळे गच्च मिटून घेते. तू पाहिलं नाहीस. मी रोज पाहतो.”

मुलगी बसायला वळली, पण खुर्चीत पिशवी होती. ती उभीच राहिली.

“आणि तुम्ही उचललंत तेव्हा काय झालं? दोघंही जमिनीवर. शेजारी धावले म्हणून निभावलं. उद्या बारापर्यंतच आईसाठी जागा राखून ठेवणार आहेत ते. सही करा.”

घड्याळजींनी मानेवरचा घाम पुसला. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करताना त्यांच्या हातांनी चिमट्याहून जड काही पेललं नव्हतं. चार महिन्यांपूर्वी, पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ते कोपऱ्यावरच्या जिममध्ये गेले आणि बावन्न किलो उचलायला किती दिवस लागतील म्हणून विचारलं. सगळे हसले. या ट्रेनरने फक्त विचारलं होतं, “कुठून कुठे?”

“आत चल,” ते मुलीला म्हणाले.

“बाबा, हट्ट करू नका.”

“हट्टच आहे. नाही जमलं तर सही करतो. चल.”

आतल्या खोलीत पत्नी पलंगावर पडून होती. डावी बाजू दोन वर्षांपासून लुळी. त्यांनी तिला हळूच कडेला बसवलं, चाकांच्या खुर्चीचे ब्रेक लावले, तिची पावलं आपल्या पावलांच्या मध्ये घेतली. ट्रेनर हात पुढे करून बाजूला उभी राहिली. मुलीच्या मुठीत फॉर्म चुरगळत होता.

“एक,” घड्याळजी म्हणाले. “दोन.”

“तीन,” पत्नीनेच म्हटलं.

ती उठली, वळली, खुर्चीत आली. डोळे उघडे होते, थेट त्यांच्या तोंडाकडे.

“अहो,” ती जड जिभेने म्हणाली, “ती पिशवी... केवढी?”

“बावन्न किलो. तुझ्याएवढी.”

“मी... पन्नास.”

ट्रेनरला हसू आवरेना. “काका, उद्या दोन किलो वाळू काढू या?”

मुलीने फॉर्म पर्समध्ये कोंबला, वाकून ब्रेक सोडले आणि खुर्ची जेवणाच्या टेबलाकडे ढकलू लागली. घड्याळजी अजून धापा टाकत होते.

“काढायची नाही,” ते म्हणाले. “तीन किलो घाल. आता ती टेबलाशी बसून जेवणार आहे.”