मिक्सरमालकाचा भाऊ

दादाने काँक्रीट वाहायचा मिक्सर घेतला तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं होतं. इतकी वर्षं तो काँक्रीट प्लँटची गाडी पगारावर चालवत होता. आता प्लँटनेच आपल्या जुन्या गाड्या ड्रायव्हरांना विकायला काढल्या होत्या. गाडी तुमची, काँक्रीट आमचं, भाडं खेपेवर. मी म्हणालो, "दादा, गाडी बिघडली की तुझी आणि चालली की त्यांची, एवढाच फरक पडणार."

"तू बस आयुष्यभर दुसऱ्याच्या शिट्टीवर उठत-बसत," तो म्हणाला.

मला राग आला, पण हेल्पर म्हणून त्याच्याबरोबर गेलो मीच. चाळिशीला टेकलो होतो, तरी घरात धाकटा तो धाकटाच.

काँक्रीट ओतून झालं की गाडीवरचा फिरता ड्रम पाण्याने आतून धुवावा लागतो. नोकरीत असताना दादा तो लख्ख धुवायचा. वेळ प्लँटचा जायचा. मालक झाल्यावर तोच वेळ त्याला खुपायला लागला. "एवढ्यात अजून एक खेप होते," म्हणत दोन बादल्या मारायचा आणि पळायचा. आतल्या पात्यांवर थरावर थर चढले आणि त्यांचे दगड झाले. शेवटी प्लँटने बजावलं, ड्रम साफ केल्याशिवाय माल भरणार नाही.

साफ करायचा म्हणजे माणसाने बाजूच्या झाकणातून ड्रमच्या पोटात उतरायचं आणि विजेवर चालणाऱ्या जड ब्रेकरने ते दगड फोडायचे. या कामाला आमच्यात एकच कायदा. कुठे लिहिलेला नाही, पण मोडत कोणी नाही. जो आत जाईल, गाडीची किल्ली त्याच्या खिशात. पगारी ड्रायव्हर असताना दादाही आत उतरण्याआधी आपला खिसा चाचपून बघायचा.

त्या दिवशी मी किल्लीसाठी हात पुढे केला. दादाने मूठ उघडली नाही.

"मी इथंच उभा आहे की. तुला किल्ली कशाला?"

"आत मी जातोय ना."

"गाडी माझी आहे. आणि मी काय परका आहे का रे?"

मी तसाच आत उतरलो. हट्ट धरला असता तर सख्ख्या भावावर विश्वास नाही असं झालं असतं. परक्याच्या हातातून मी किल्ली हिसकावून घेतली असती. नात्याची भीड फार वाईट.

आत नुसती भट्टी होती. धूळ, काळोख, आणि ब्रेकरचा आवाज कवटीत घुमत होता. बरंच काम उरकलं तेव्हा हातांना मुंग्या आल्या, म्हणून मी ब्रेकर बंद करून बाजूला ठेवला आणि पात्याला टेकून बसलो. बाहेर फोरमन दादावर खेकसत होता, गाडी पुढे घे, मागे लोडर अडलाय. आवाज थांबला म्हणजे मी बाहेर आलो, असं दादाला वाटलं. त्याने गाडी सुरू केली. झाकण हाताशी यावं म्हणून सकाळी आम्ही ड्रम थोडा फिरवून घेतला होता, आणि ड्रम फिरवायचा दांडा तसाच चालूवर राहिला होता. इंजिन सुरू होताच ड्रमही फिरला.

मी ओरडलो म्हणे. मला फक्त ब्रेकर अंगावर येताना दिसलेला आठवतो. डॉक्टरांना माझा उजवा पाय गुडघ्याखाली वाचवता आला नाही.

दवाखान्यात दादा माझ्या पायावर, म्हणजे उरला होता त्या पायावर, डोकं ठेवून ढसाढसा रडला. "मला तुरुंगात टाकतील रे. गाडी जाईल. पोरींकडे कोण बघणार?" माझा त्याच्यावर फार जीव होता. पोलीस जबाब घ्यायला आला तेव्हा मी म्हणालो, "भावाला काही माहीत नव्हतं. मी न सांगताच आत गेलो." फोरमनलाही भानगड नकोच होती. दादा सुटला.

घरी आल्यावर आई म्हणाली, "पहिल्यापासून असाच धसमुसळा आहेस तू." भेटायला आलेल्यांना वहिनी सांगायची, "भावोजींना घाईच फार." अशा वेळी दादा मान खाली घालून बसायचा. त्या खाली गेलेल्या मानेवर मी दिवस काढत होतो. खरं काय ते आम्हा दोघा भावांना ठाऊक आहे, मला तेवढं पुरे होतं. पुढे पुढे वहिनी बोलायला लागली की तो मान हलवायला लागला. मी स्वतःला समजावलं, बिचारा निभावून नेतोय.

एकदा आई आणि वहिनी बाहेर गेल्या होत्या. दादा जेवत होता. कुबडी घ्यायला वळलो तर माझ्या हातून पाण्याचा तांब्या कलंडला. दादाने उठून फडकं आणलं, जमीन पुसली, माझी कुबडी उचलून माझ्या हातात दिली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "त्या दिवशी नुसतं मला सांगून आत गेला असतास, तर हे सगळं टळलं असतं बघ."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. नाटक करायला समोर कोणी नव्हतं, आणि त्याच्या डोळ्यांत माझ्यासाठी खराखुरा कळवळा होता. माझा साक्षीदार एकच होता, तोही गेला.