काठापर्यंत

संध्याकाळी साडेसहाला मेणबत्ती विझली. फुंकर कोणी मारली नव्हती. खिडकी बंद होती, पंखाही. घड्याळजींनी दुसरी काडी ओढली. वातीने जेमतेम डोळा उघडला आणि मिटला. तिसऱ्या काडीने त्यांचं बोट तेवढं भाजलं.

त्यांची बायको घरी मेणबत्त्या करून विकायची; काचेच्या ग्लासातली ही तिने ओतलेली शेवटची. ती गेल्यानंतर कपाट आवरताना सापडली. संत्र्याची साल आणि दालचिनी. लग्नानंतरची सगळी वर्षं स्वयंपाकघराला हाच वास होता. घड्याळजी रोज चहा उकळेपर्यंत ती पेटवत आणि वास नाकाशी आला न आला की विझवत. अशी जपून वापरली तर आपल्याला पुरून उरेल, असं त्यांनी धरलं होतं.

मुलगी कामावरून थेट आली होती. तिने ग्लास उजेडात धरला.

"बाबा, मध्ये विहीर झालीय. कडेचं मेण तसंच आणि वात बुडाली. किती वेळ जाळायचात?"

"चहा होईपर्यंत."

"तुमची काटकसर हिच्या जिवावर उठली. आई गिऱ्हाइकांना सांगून सांगून दमायची, पहिल्या वेळी मेण काठापर्यंत वितळू द्या. पहिल्यांदा जिथवर वितळतं, तिथवरच ते पुढेही वितळतं."

"मला नाही कधी म्हणाली."

"तुम्ही गिऱ्हाईक कुठे होतात?"

ते खरं होतं. बायको मेण ओतायला बसली की दार उघडायचं नाही, बोलायचं नाही. 'घरात शांतता हवी असेल तर बायकोला मेण वितळवायला बसवा,' असं ते शेजाऱ्यांना सांगत. ती ऐकून घ्यायची आणि शेवटचा ग्लास भरून झाल्यावरच हसायची.

"आता वरून फॉइल लावून दोन-तीन तास सलग जाळायची," मुलगी म्हणाली. "कडा वितळल्या तर वाचेल."

"बरंच मेण जाईल मग."

"जाईल. नाहीतर सगळं राहील आणि पेटणार कधीच नाही. दुकानात तुम्हीच म्हणायचात ना, पेटीत ठेवलेलं घड्याळ टिकत नाही, चालवा म्हणून?"

घड्याळजींनी उठून हत्यारांच्या डब्यातला बारीक चिमटा आणला आणि वातीभोवतीचं मेण कोरून काढलं. मुलीने वातीचं काळं टोक कापलं, पडदा बाजूला बांधला, ग्लास स्टीलच्या ताटलीत ठेवला. मधे भोक ठेवून फॉइल गुंडाळलं. काडी त्यांनीच ओढली.

"पेटती सोडून उठायचं नाही," ती म्हणाली. "आणि पुढे कधी तळाला बोटभर उरली की कायमची बंद. काच तडकते."

"म्हणजे बोटभर राहणार?"

"राहणार."

दोघं बसून राहिली. चहा कोणी टाकला नाही. वास टेबलावरून खाली उतरला, कपाटापाशी गेला, मग बाहेरच्या खोलीतल्या बायकोच्या खुर्चीपर्यंत पोचला. इतक्या लांब तो तिच्या माघारी आला नव्हता.

"थांबवू?" मुलीने एकदा विचारलं.

"बस गं."

साडेआठला तिने फडक्याने फॉइल उचललं. ज्योत उभी होती. मेण जवळजवळ सगळीकडे काचेला टेकलं होतं. खिडकीच्या बाजूची नखभर कड अजून पांढरी होती.