हात मोकळे

माणूस चार पायांवरून दोन पायांवर आला तो हात मोकळे व्हावेत म्हणूनच, असं खरेदी खात्याच्या साहेबांनी गोदामातल्या सगळ्यांना उभं करून सांगितलं. सांगताना त्यांच्या एका हातात चहाचा कप होता, दुसऱ्यात फाइल आणि दातांत पेनाचं टोपण. त्यामुळे शेवटचे शब्द नीट कळले नाहीत.

टेबलावर दोन यंत्रं होती. एक मनगटावर बांधायचा संगणक, अर्ध्या विटेएवढा. दुसरा कानावर चढवायचा. तो कप्प्याचा नंबर बोलून सांगणार आणि माल उचलला की आपण नुसतं ‘झालं’ म्हणायचं. आठवड्याभरात दोघांतला एक ठरायचा होता.

साहेबांचं मन मनगटावर जडलं होतं. “त्याला पडदा तरी आहे. घेतल्यासारखं दिसतं.”

माल उचलणाऱ्यांत उभ्या असलेल्या अक्कांनी डावी बाही खाली ओढली. दोन वर्षांपूर्वी शिडीवरून पडल्यावर त्या मनगटात धातूची पट्टी बसवली होती. त्यावर वजन नको, ही डॉक्टरांची ताकीद. आणि जमत नसेल तर फाटकाच्या केबिनमध्ये खुर्ची टाकून देऊ, ही साहेबांची माया. अठरा वर्षं कप्प्यांच्या रांगा तुडवलेल्या बाईला खुर्चीत बसून ट्रक मोजायचे नव्हते.

“कानातलं मी चालवून दाखवते,” अक्का म्हणाल्या.

“नवऱ्याशी तुमचं पटत नाही, अक्का, यंत्राशी काय पटणार?” फोर्कलिफ्टवरून लंबूने विचारलं.

“तो ऐकत नाही. हे ऐकतं म्हणतात.”

हेही ऐकत नव्हतं. अक्का जन्मभर ‘हं’वर भागवत आल्या होत्या आणि यंत्राला ‘हं’ वर्ज्य. ‘झालं’ म्हणावं तर शेवटचं अक्षर त्या गिळत. यंत्र शांतपणे म्हणे, पुन्हा बोला.

त्या पुन्हा बोलल्या. घरी भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, जिना चढताना. चौथ्या दिवशी नवऱ्याने पेपर खाली ठेवला.

“काय झालं?”

“झालं.”

“अगं, पण काय?”

“शेवटपर्यंत ऐकू आलं ना?”

“आलं.”

“मग झालं.”

चाचणीला साठ वस्तूंची यादी होती. मनगटवाला गडी पडद्यावर बोट दाबायला दर वेळी खोकं खाली ठेवत होता. अक्का बोलत राहिल्या, चालत राहिल्या, आणि अकरा मिनिटं आधी दारात येऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी घड्याळ दोनदा पाहिलं. मग सही केली.

चाळीस कानातली आली. ‘पुन्हा बोला’ने गोदाम दणाणून गेलं. दुपारपर्यंत एक खोकं हललं नाही. साहेबांनी अक्कांना बोलावलं.

“यांना बोलायला शिकवायचं तर तुमच्याशिवाय कोण? उद्यापासून तेवढंच काम. मानाचं आहे.”

“आणि रांगा?”

“रांगांत गोंगाट फार. शांत जागा बघून ठेवलीय.”

जागा फाटकाच्या केबिनमध्ये होती. सकाळी पहिला शिकाऊ म्हणून लंबू समोर उभा राहिला. अक्कांनी यंत्र कानावर चढवलं आणि बसल्या.

“झालं,” त्या म्हणाल्या.

यंत्राला पहिल्या फटक्यात कळलं. अक्का कोपर टेकायला गेल्या. खुर्चीला हात नव्हते.